‘शी गो’ नव्हे, ‘शी गोज’ : घरच्या घरी इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ

सहामाहीचे पेपर तपासत होते. इयत्ता नववी, विषय इंग्रजी. ‘माय मदर’ या विषयावर दहा ओळी लिहा, असा प्रश्न होता. एका मुलीने दहाच्या दहा ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ, ‘माय मदर इज गेट अप अर्ली.’ दुसरी, ‘शी इज कुक फूड.’ तिसरी, ‘शी इज स्टिच क्लोथ्स.’ खालपर्यंत असंच. मी प्रत्येक ओळीवर लाल फुली मारली आणि दहापैकी दोन गुण दिले. तेही अक्षर सुंदर होतं म्हणून.

ही मुलगी गणितात वर्गातल्या पहिल्या तिघींत. विज्ञानाचे प्रयोग इतरांना समजावून सांगणारी. पेपर हातात पडल्यावर ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिने हात वर करणं सोडलं. मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली.

पुढच्या पालकसभेला तिची अम्मी आली. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. हळू आवाजात म्हणाली, “टीचर, एक विचारू का? गणितात चुकलं की पोरगी सांगते, अम्मी, इथे वजाबाकी चुकली. इंग्रजीत विचारलं तर म्हणते, सगळंच चुकलं. सगळंच कसं चुकेल? माझ्याकडे ब्लाउज बिघडतो तेव्हा बाही बिघडलेली असते, नाहीतर गळा. अख्खा ब्लाउज कधी बिघडत नाही.”

मग जरा थांबून म्हणाली, “तिचे अब्बा म्हणतात, दहावी झाली की पुरे. इंग्रजी येत नाही तर पुढे शिकवून काय करायचं? आणि हिला नर्सिंगला जायचंय.”

नर्सिंगसाठी बारावी हवी, आणि आपल्याकडे बारावीला इंग्रजी सुटत नाही. म्हणजे माझ्या त्या दोन गुणांवर एका मुलीचं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं. मी कपाटातून तिचा पेपर काढला आणि पुन्हा वाचला. या वेळी लाल पेन बाजूला ठेवलं.

शब्द बरोबर होते. स्पेलिंग बरोबर होतं. शब्दांचा क्रम बरोबर होता. दहा वाक्यांत दहा चुका नव्हत्याच. एकच चूक दहा वेळा झाली होती. फक्त बाही बिघडली होती.

‘इज’ आला कुठून?

शाळेतल्या किताबी उर्दूत आपण म्हणतो, ‘वह खाना पकाती है.’ आता तिचं वाक्य पाहा. ‘वह’ म्हणजे ‘शी’, ‘खाना’ म्हणजे ‘फूड’, ‘पकाती’ म्हणजे ‘कुक’ आणि उरला ‘है’. ‘है’ म्हणजे ‘इज’, हे तिला पहिलीपासून आम्हीच शिकवलेलं. मग ती तो शब्द टाकून कसा देईल? तिने प्रामाणिकपणे एकेका शब्दाचा हिशोब दिला होता. ‘मैं जाती हूँ’चं ‘आय अ‍ॅम गो’ होतं, तेही याच हिशोबाने.

मराठी माध्यमातली मुलं वेगळी चूक करतात. ‘ती स्वयंपाक करते’ यात ‘आहे’ नाही. म्हणून ती ‘इज’ घालत नाहीत, पण ‘शी कुक फूड’ लिहून मोकळी होतात. एकीकडे नको तो ‘इज’, दुसरीकडे हवा तो ‘एस’ गायब.

मला उर्दू येते, मराठी येते, बी.एड.ही केलंय. तरी वर्षानुवर्षं मी फळ्यावर एकच सूत्र लिहीत आले : सब्जेक्ट, व्हर्ब, एस किंवा ई-एस, ऑब्जेक्ट. मुली ते वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि पेपरात ‘शी इज कुक’ लिहितात. घरातली भाषा त्यांना कुठे ओढते आहे, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे या मुलीने नऊ वर्षं इंग्रजी शिकली होती, आणि तिची नेमकी चूक कुणी तिला दाखवली नव्हती.

म्हणून हा लेख. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ, म्हणजे सिंपल प्रेझेंट टेन्स, आपल्या दोन्ही भाषांना जवळ घेऊन कसा समजून घ्यायचा ते सांगते. ज्या घरात अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नाही, त्या घरांसाठी तर मुद्दाम.

हा ‘आत्ता’चा काळ नाही, ‘रोज’चा आहे

नाव वर्तमानकाळ, म्हणून मुलांना वाटतं आत्ता चाललेल्या गोष्टीसाठी तो वापरायचा. इथेच पहिला घोळ होतो. आपल्याकडे हा फरक आधीपासून आहे. ‘अम्मी स्वयंपाक करतेय’ म्हटलं की ती आत्ता चुलीपाशी आहे. ‘अम्मी स्वयंपाक करते’ म्हटलं की ते तिचं रोजचं काम आहे. या क्षणी ती कदाचित झोपली असेल. उर्दूत तर आणखी स्वच्छ : ‘पका रही है’ आणि ‘पकाती है’.

यावरून एक सोपी कसोटी करा. मनात ‘रही है’ किंवा ‘करतेय’ आलं, तर इंग्रजीत ‘इज कुकिंग’. मनात ‘पकाती है’ किंवा ‘करते’ आलं, तर ‘कुक्स’. ‘इज’ आणि ‘कुक’ ही जोडी शेवटी ‘आय-एन-जी’ लावल्याशिवाय एकत्र बसत नाही. एवढं एक लक्षात राहिलं, तरी त्या पेपरातल्या दहा फुल्या गेल्या असत्या.

हा काळ मुख्यतः पाच ठिकाणी लागतो.

पहिलं, सवय आणि दिनक्रम. ‘आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह.’ ‘माय ब्रदर गोज टू स्कूल बाय बस.’

दुसरं, जे कायम खरं असतं. ‘द सन राइजेस इन द ईस्ट.’ ‘आइस फ्लोट्स ऑन वॉटर.’ विज्ञानाच्या पुस्तकातली बहुतेक वाक्यं याच काळात असतात. म्हणजे हा काळ पक्का झाला की विज्ञानाचं इंग्रजीही सोपं जातं.

तिसरं, आपण कोण, कुठे राहतो, काय करतो. ‘वी लिव्ह इन मिरज.’ ‘माय अंकल वर्क्स इन अ गॅरेज.’ कुठल्याही मुलाखतीत पहिली पाच मिनिटं याच वाक्यांची असतात.

चौथं, वेळापत्रक. ‘द बस लीव्ज अ‍ॅट सेव्हन टुमॉरो.’ गोष्ट उद्याची आहे, पण वेळ ठरलेली असल्यामुळे साधा वर्तमानकाळ चालतो.

पाचवं, मनाच्या आणि मालकीच्या गोष्टी. नो, लाइक, वॉन्ट, नीड, बिलीव्ह, हॅव. इथे आपली मंडळी फार अडखळतात. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग हिम’ अशी वाक्यं चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतात. भाऊ ‘असणं’ किंवा कुणी ‘माहीत असणं’ हे काही चालू काम नव्हे. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय नो हिम’. मराठीत आपण ‘मला चहा आवडतो’ म्हणतो, उर्दूत ‘मुझे चाय पसंद है’. दोन्हीकडे ‘मला’ आणि ‘मुझे’. इंग्रजीत मात्र आवडणारा माणूस पुढे येतो : ‘आय लाइक टी.’ ‘मला’ दिसलं म्हणून ‘मी’ शब्दाने वाक्य सुरू करू नका.

एक गंमत आपल्या निरोपाची. पाहुणे निघताना म्हणतात, ‘बरं, येते हं.’ मराठीत हा वर्तमानकाळ आहे, पण अर्थ ‘निघते’ असा. मुलं याचं ‘ओके, आय कम’ करतात आणि समोरचा गोंधळतो. तिथे ‘आय अ‍ॅम लीव्हिंग नाऊ’ असंच म्हणावं लागतं.

‘एस’ कोणाला लागतो?

मराठीत करणारा बदलला की क्रियापदाचं शेपूट बदलतं. मी करतो, मी करते, तू करतोस, तू करतेस, ती करते, आम्ही करतो, ते करतात. उर्दूतही करता हूँ, करती हो, करते हैं. एवढी शेपटं आपली तीन वर्षांची मुलं न चुकता सांभाळतात. त्या मानाने इंग्रजी गरीब आहे. तिच्याकडे एकच शेपूट उरलं आहे, तो ‘एस’. बाई असो की बाप्या, काही फरक पडत नाही. आय कुक, यू कुक, वी कुक, दे कुक. फक्त ही, शी, इट यांना : कुक्स.

नियम एका ओळीत : ना मी, ना तू, एकटा तिसरा. तो एकटा असेल तरच ‘एस’.

पूर्वी इंग्रजीतही जास्त शेपटं होती. साधारण १६०० सालच्या सुमाराला ‘हॅथ’ आणि ‘हॅज’ अशी दोन्ही रूपं लिहिली जात. आपल्यापैकी काहींच्या घरी मार्माड्युक पिक्थॉल यांचा कुरआनचा इंग्रजी तर्जुमा असेल. हे पिक्थॉल १९२० मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून मुंबईत आले, पुढे हैदराबादला नोकरीत होते. त्यांचा तर्जुमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या वळणाची इंग्रजी वापरली आहे, म्हणून त्यात ‘नोज’च्या जागी ‘नोएथ’ असा शब्द दिसतो. मुलांनी विचारलं तर सांगा, ‘एथ’ आणि ‘एस’ एकच काम करतात. जुना गेला, नवा राहिला.

आता एक अडचण, जी व्याकरणाच्या पुस्तकात सहसा दिसत नाही. आपण मोठ्यांना आदर देतो तो क्रियापदातून. ‘अब्बा जातात’, ‘सर शिकवतात’, उर्दूत ‘अब्बा जाते हैं’. व्यक्ती एक, पण क्रियापद अनेकवचनी. हा अदब मुलांच्या जिभेवर इतका पक्का असतो की ती लिहितात, ‘माय फादर आर गो’, ‘सर टीच अस’. त्यांना वाटतं, अब्बांना एकवचन लावलं तर बेअदबी होईल. त्यांना सांगा, इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो. तो आवाजात आणि ‘प्लीज’, ‘सर’ अशा शब्दांत असतो. अब्बा एक आहेत, म्हणून ‘माय फादर गोज’. सर एक आहेत, म्हणून ‘सर टीचेस अस’. याच्या उलट ‘यू’. तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच ‘यू’ आणि त्याला कधीही ‘एस’ नाही.

दुसरी अडचण नामाच्या ‘एस’ची. ‘बॉइज’ला ‘एस’ आहे म्हणून मुलं ‘द बॉइज प्लेज’ लिहितात. इथे ‘एस’ वाटून घ्यायचा असतो. मुलगा एक असेल तर ‘एस’ क्रियापदाकडे : ‘द बॉय प्लेज.’ मुलं अनेक असतील तर ‘एस’ नामाकडे : ‘द बॉइज प्ले.’ ‘चिल्ड्रन’ आणि ‘पीपल’ या शब्दांना ‘एस’ दिसत नाही, पण ते अनेकवचनी आहेत, म्हणून ‘चिल्ड्रन प्ले’, ‘पीपल से’. ‘एव्हरीबडी’ म्हणजे सगळे जण असूनही तो एकवचनी मानतात : ‘एव्हरीबडी नोज.’

लिहिताना चार गोष्टी सांभाळा. बहुतेक क्रियापदांना नुसता ‘एस’. शेवटी एस, एस-एच, सी-एच, एक्स, झेड किंवा ओ असेल तर ‘ई-एस’ : वॉशेस, टीचेस, गोज, डज. शेवटी ‘वाय’ असून त्याआधी व्यंजन असेल तर ‘वाय’ काढून ‘आय-ई-एस’ : स्टडीचं स्टडीज. ‘वाय’च्या आधी स्वर असेल तर ‘वाय’ला हात लावू नका : प्लेचं प्लेज. आणि ‘हॅव’चं होतं ‘हॅज’.

उच्चार मात्र तीन आहेत. कुक्स, राइट्स, हेल्प्स यांत स्वच्छ ‘स’. रीड्ज़, रन्ज़, गोज़ यांत उर्दूतला ‘ज़े’. आणि आपण ‘वॉशेस’, ‘टीचेस’ लिहितो त्यांचा खरा उच्चार ‘वॉशिज़’, ‘टीचिज़’च्या जवळ जातो. ‘ज़े’चा आवाज मराठी माध्यमातल्या मुलांना मुद्दाम शिकवावा लागतो; उर्दू वाचणाऱ्या मुलांच्या जिभेवर तो आधीच असतो. ज्यांना आपण इंग्रजीत कच्चे म्हणतो, त्यांच्याकडे हा एक दागिना आहे हे त्यांना सांगायला हवं.

‘नाही’ आणि ‘का’

हे सगळं मी त्या अम्मीला एका दिवसात सांगितलं नाही. ती दर शनिवारी शाळा सुटल्यावर लेकीला घेऊन अर्धा तास येत असे. तिसऱ्या शनिवारी नकार आला.

मराठीत ‘ती जात नाही’, उर्दूत ‘वह नहीं जाती’. एक ‘नाही’ घातलं की काम झालं. इंग्रजीत क्रियापदाला नुसतं ‘नॉट’ जोडता येत नाही. मध्ये एक मदतनीस लागतो. मी, तू, आम्ही, ते यांना ‘डू’ : ‘आय डू नॉट गो.’ एकट्या तिसऱ्याला ‘डज’ : ‘शी डज नॉट गो.’ इथे मुली हमखास ‘शी डज नॉट गोज’ लिहितात. मी समजावत होते की ‘एस’ आता ‘डज’मध्ये गेला, म्हणून ‘गो’ मोकळा झाला. तेवढ्यात अम्मी म्हणाली, “म्हणजे दोरा एकच. एका सुईत ओवला की दुसरी सुई रिकामी.” मी आजवर कुठल्याही पुस्तकात याहून चांगलं स्पष्टीकरण वाचलेलं नाही. आता वर्गात हेच सांगते.

प्रश्नाच्या बाबतीत उर्दू मदतीला येते. मराठीत ‘तू जातेस का?’, ‘का’ शेवटी. उर्दूत ‘क्या तुम जाती हो?’, ‘क्या’ सुरुवातीला. इंग्रजी इथे उर्दूच्या वाटेने जाते : ‘डू यू गो?’, ‘डज शी गो?’ ‘क्या’च्या जागी ‘डू’ किंवा ‘डज’ ठेवा, प्रश्न तयार. काय, कुठे, केव्हा विचारायचं असेल तर तो शब्द त्याच्याही आधी : ‘व्हेअर डज शी लिव्ह?’ उत्तर छोटं : ‘येस, शी डज’ किंवा ‘नो, शी डज नॉट.’

दोन अपवाद लक्षात ठेवा. अ‍ॅम, इज, आर यांना मदतनीस लागत नाही : ‘शी इज नॉट टायर्ड’, ‘इज शी टायर्ड?’ आणि ‘हू’ने करणाऱ्यालाच विचारलं तर ‘डज’ येत नाही, ‘एस’ मात्र लागतो : ‘हू मेक्स टी इन युवर हाउस?’

एक शेवटची खोच ‘नेव्हर’ची. मराठीत ‘मी कधीच खोटं बोलत नाही’. ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही येतात. म्हणून मुलं लिहितात, ‘आय डू नॉट नेव्हर टेल लाइज.’ पण ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ आहे. ‘आय नेव्हर टेल लाइज’ एवढं पुरे. ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स आणि नेव्हर हे शब्द सहसा क्रियापदाच्या आधी बसतात : ‘शी ऑलवेज हेल्प्स मी.’ पण अ‍ॅम, इज, आर असतील तर त्यांच्या नंतर : ‘शी इज ऑलवेज बिझी.’

अम्मीला इंग्रजी येत नसेल तर?

पहिल्याच शनिवारी तिने विचारलं होतं, “मला एबीसीडीसुद्धा धड येत नाही. मी काय घेणार तिचं?” मी म्हटलं, तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही, फक्त कान हवा. मुलगी ‘आय’ म्हणाली तर पुढच्या शब्दाला ‘स’ किंवा ‘ज़’चा शेवट नको. ‘शी’, ‘ही’, ‘माय मदर’, ‘माय फादर’ म्हणाली तर तो ऐकू आलाच पाहिजे. राहिला तर टोका.

त्या घरात जे केलं ते कुठल्याही घरात करता येईल. मगरिबनंतर रोज पंधरा मिनिटं. अम्मी मशीनवर, मुलगी शेजारी जमिनीवर.

पहिल्या दिवशी स्वतःच्या दिवसाची आठ वाक्यं, ‘आय’ने सुरू होणारी. ‘आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह. आय प्रे. आय फिल वॉटर. आय गो टू स्कूल.’

दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं अम्मीबद्दल किंवा भावाबद्दल. ‘माय मदर गेट्स अप अ‍ॅट फाइव्ह. शी प्रेज.’ प्रत्येक वाक्यात ‘एस’ ऐकू यायला हवा.

तिसऱ्या दिवशी घरातलं कोण काय करत नाही. ‘माय ब्रदर डज नॉट ड्रिंक मिल्क.’ यात हसण्याची सोय भरपूर असते.

चौथ्या दिवशी प्रश्न. लहान भावंडांना मध्ये घ्या. ‘डू यू लाइक स्कूल?’

पाचव्या दिवशी खिडकीत उभं राहून जोड्या लावायच्या. समोर दिसतंय ते ‘आय-एन-जी’त, रोज घडतं ते ‘एस’ने. ‘द मिल्कमन इज कमिंग. ही कम्स एव्हरी डे.’

सहाव्या दिवशी ऑलवेज, समटाइम्स, नेव्हर घालून.

सातव्या दिवशी कागदावर दहा ओळी. तोंडाने पक्कं झाल्याशिवाय लिहायला बसवू नका.

या अम्मीने टोकण्याची आपली पद्धत काढली होती. ‘एस’ राहिला की ती तोंडाने काही बोलत नसे, कात्रीने मशीनच्या फळीवर टक् असा आवाज करी. रागावणं नाही, “एवढं पण येत नाही का?” नाही. टक् झालं की मुलगी थांबायची, वाक्य परत म्हणायची. पंधरा दिवसांनी टक् कमी झालं. मग एक दिवस मुलीने तक्रार केली, “टीचर, अम्मी आता मला विचारते, हू मेक्स टी, आणि स्वतःच हसते.”

‘माय फादर’

दोनेक महिन्यांनी मी वर्गाला ‘माय फादर’वर दहा ओळी घरून लिहून आणायला सांगितल्या. पुढचं मला त्या अम्मीने सांगितलं. मुलीचे अब्बा टेम्पो चालवतात. रात्री उशिरा जेवायला बसले होते. लेक वही घेऊन मोठ्याने वाचत होती. ‘माय फादर ड्राइव्ज अ टेम्पो. ही गेट्स अप बिफोर फजर. ही डज नॉट टेक अ हॉलिडे. ही नेव्हर फर्गेट्स माय बुक्स.’

त्यांनी विचारलं, “काय वाचतेस?” तिने एकेका ओळीचा अर्थ सांगितला. ते जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, “ते सुट्टीचं काय लिहिलंस, परत वाच.” तिने परत वाचलं. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या वहीवर मी एकही फुली मारली नाही. वार्षिक परीक्षेत त्याच प्रश्नाला तिला दहापैकी सात गुण मिळाले. दोन ठिकाणी ‘एस’ राहून गेला होता. मी तिथे छोटं वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं, ‘दोन जागा, एकच चूक.’ आता सगळ्याच पेपरांवर मी असं लिहिते. चुका किती, हे मोजण्याआधी चुका किती प्रकारच्या, हे मोजते. बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारच निघतात, आणि मुलांना ते कळलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. ‘मला काहीच येत नाही’ असं म्हणणारी मुलगी ‘माझा एस राहतो’ असं म्हणायला लागली, की निम्मं काम झालं समजा.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. पुढचं अजून ठरलेलं नाही. पण गेल्या महिन्यात तिचे अब्बा पहिल्यांदाच पालकसभेला आले. टेम्पो फाटकाबाहेर उभा करून आले होते, घाईत होते. बाकी काही बोलले नाहीत, जाता जाता दारात थांबून एवढंच विचारलं, “टीचर, ते नर्सिंगला बारावी सायन्सच लागतं का?”

मी त्यांना बसायला खुर्ची दिली.